मुठीतला पेनड्राइव्ह

जुना पेनड्राइव्ह हाती लागला की लातूरच्या क्लासमधली ती दुपार आठवते. उद्याच्या टेस्टचा पेपर टाइप व्हायचा होता, सरांचा कॉम्प्युटर बंद पडला होता आणि दुरुस्तीला आलेला मी पेनड्राइव्हवरून विंडोज टाकत होतो. "आज होईल ना रे?" सर सारखे विचारत होते. चौसष्ट टक्क्यांवर आलं नि खिडकीची काच थरथरली, पायाखाली गुरगुरलं. आम्ही दोघंही धावत रस्त्यावर आलो. समोरून उसानं भरलेला ट्रक गेला. "ट्रक हाय," सर म्हणाले, पण आत जाईनात. माझ्या मुठीत अर्ध्यावर उपटलेला पेनड्राइव्ह होता. आत पोरं मान खाली घालून गणितं सोडवत होती. सगळी त्र्याण्णवच्या भूकंपानंतर जन्मलेली. चटकन बाहेर पळता यावं म्हणून माझा कॉम्प्युटर अजूनही दाराशीच असतो.