गोठ्यातला व्हिडिओ
पेंडीच्या दुकानावरून जाताना भिजल्या सरकीचा वास आला की मला राधानगरीकडचा आमचा गोठा आठवतो आणि आईनं म्हशीच्या कानाशी धरलेला मोबाईल. मोठा भाऊ शांतिसेनेतून आफ्रिकेत गेला होता आणि तिथं लढाई पेटली होती. म्हशीला त्याच्याच हाताची सवय, त्यामुळं तो गेल्यापासून ती पान्हा चोरायला लागली. मग त्यानं तिथून व्हिडिओ पाठवला. "आये, मी बरा हाय," म्हणाला आणि धार काढताना घालायचा तशी लांबलचक हाक म्हशीला घातली. आईनं तो गोठ्यात लावला, म्हैस शांत उभी राहिली आणि चरवी फेसानं भरली. मग रोज तेच चाललं. पावसाळ्यात बरेच दिवस त्याचं काही आलं नाही, आणि एका संध्याकाळी नवा व्हिडिओ आला. तोच चेहरा, तेच "मी बरा हाय", तीच हाक. आम्ही हरखलो. म्हशीनं मात्र कान टवकारले, नाक फेंदारलं आणि दावं ताणून ती मागं सरकली. आईनं पुन्हा लावला, पुन्हा तेच. मोबाईल बंद करून ती हळू म्हणाली, "ह्यो आपला न्हाय गं बोलत." मी म्हटलं, "आये, तोंड दिसतंय की त्येचं." तिनं चरवी रिकामीच घरात आणली. पुढं भाऊ धडधाकट परत आला. परवा माहेरी गेले तर धार तोच काढत होता. बसण्याआधी त्यानं तो पहिला व्हिडिओ लावून मोबाईल गव्हाणीच्या कडेला ठेवला, आणि चरवी भरेपर्यंत तोंडातून अवाक्षर काढलं नाही.