कमलवहिनीचा पीपी नंबर

चाळीच्या वार्षिक अंकासाठी कमलवहिनीवर कुणीतरी लिहावं असं ठरलं तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझं अक्षर बरं आहे एवढंच कारण. गिरणीच्या टाइम ऑफिसात असताना हजेरीखेरीज फारसं काही लिहिलं नाही, त्यामुळे हे कितपत जमेल ठाऊक नाही. पण वहिनी शेजारच्याच खोलीत राहते, आणि जे सांगायचं ते डोळ्यांसमोर घडलेलं आहे. चुकलं तर नलू, म्हणजे आमची मंडळी, दुरुस्त करील. ती तशीही करतेच.

तरुण वाचकांना आधी पीपी म्हणजे काय ते सांगायला हवं. एके काळी लालबागमध्ये टेलिफोन ज्याच्या घरी असे तो मोठा माणूस. बाकीचे लोक अर्जावर, लग्नपत्रिकेवर, डॉक्टरच्या कागदावर त्याचाच नंबर देत आणि पुढे ‘पीपी’ लिहीत. फोन दुसऱ्याचा आहे, आम्हाला बोलावून घ्या, असा त्याचा मतलब. त्या दोन अक्षरांचा पूर्ण अर्थ मला अजूनही माहीत नाही. चाळीत कुणालाच नव्हता, पण कुणाचं अडलं नाही.

आमच्या मजल्यावर तो फोन लवूकडे आला. लवू टेलिफोन खात्यात लाइनमन होता. कणकवलीकडची कमलवहिनी त्याची नवी नवरी म्हणून आली आणि काही दिवसांतच त्या काळ्या यंत्राची राखणदार झाली. पलीकडचा माणूस दिसत नसला तरी फोन बसून घेणं तिला उद्धटपणाचं वाटे. घंटी वाजली की ती उभी राही, पदर सारखा करी, आणि मग उचलून विचारी, “कोण बोलतंय? कुणाकडे काम आहे? काय निरोप?” आणि शेवटी, “थांबा, बोलावते.”

मग गॅलरीत येऊन हाक. ती हाक खालच्या पिठाच्या गिरणीपर्यंत ऐकू जाई. पाहुणे निघालेत, मुलगा पास झाला, बारशाचं ठरलं, सगळं हाकेबरोबरच आधी चाळीला कळे आणि मग ज्याचं त्याला. पण बातमी वाईट असली तर वहिनी हाक मारत नसे. चपला न घालता चालत येई, दारात उभी राही आणि हळू आवाजात सांगे. त्यामुळे गॅलरीत ती मुकाट चालताना दिसली की आम्ही हातातलं काम टाकून आपापल्या दारात येऊन उभे राहू. आणि हाक आली की जीव हलका होई. आजही होतो.

पुढे मोबाइल आले. लवूनं धडपड करून असा मोबाइल नंबर मिळवला की त्याचे शेवटचे आकडे जुन्या फोनचेच होते. “लोकांना पाठ आहेत, बदलायचे कशाला?” म्हणाला. लवू गेला, नंबर राहिला. आणि चाळीतल्या आम्हा म्हाताऱ्यांची सवयही राहिली. बँकेनं मोबाइल नंबर मागितला की आम्ही वहिनीचाच देत असू. ज्यांच्याकडे स्वतःचा फोन होता तेही. महत्त्वाचं काम म्हटलं की पीपी, हे हातातच बसलं होतं.

वहिनीचा फोन गॅलरीतल्या स्टुलावर उघडा पडलेला असे. त्याला कुलूप नव्हतं. “कुलूप घातलं आणि कुणाला लागला तर?” असं तिचं म्हणणं. बँकेचे मेसेज दिवसभर येत. वहिनी चष्मा लावून वाची आणि टोकाच्या खोलीतल्या म्हाताऱ्या धोंडूला हाक मारी, “धोंडू, पेन्शन इला रे!” बँकेचा तो चार-सहा आकडी गुप्त कोड आला की तोही तशाच आवाजात.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना एके दिवशी आम्हा सगळ्यांची खाती एकदम बंद पडली. धोंडूचं पेन्शन निघेना. माझं वीजबिल जाईना. आणि वहिनी गॅलरीतून मुकाट चालत आमच्या दारात आली.

“भावजी,” ती म्हणाली, “बँकेतली बाई आलीय. म्हणते, माझा नंबर चोरांचा आहे.”

ती बाई म्हणजे ऋग्वेदा. बँकेच्या दादरच्या मुख्य कचेरीत ऑनलाइन चोऱ्यांवर नजर ठेवणाऱ्या विभागात होती. नव्या यंत्रणेला एकाच मोबाइल नंबरावर अख्ख्या मजल्याची खाती सापडली होती. अशी खाती चोरटे लोक गरिबांच्या नावानं उघडतात, लुबाडलेला पैसा त्यांतून फिरवतात आणि सगळ्यांचे कोड एकाच फोनवर घेतात. तेव्हा हे काम टोळीचं, असं यंत्रणेनं ठरवलं होतं. टोळीचा म्होरक्या पाहायला ऋग्वेदा आली तर म्होरक्या बांगडे साफ करत बसलेला.

“या नंबरचे मालक कोण?”

“मालक वारले गो माझे,” वहिनी हात धुऊन उभी राहिली. “मीच आहे. बस. चहा घेशील?”

पोरीला हसू आवरेना, पण तिनं समजावून सांगितलं ते मनापासून. “आजी, तुम्ही चोर नाही हे मला दिसतंय. पण समजा, हा फोन उद्या भाजीबाजारात कुणी मारला. मग या सगळ्यांच्या खात्यांच्या किल्ल्या एका चोराच्या हातात गेल्या. तुमच्यावर चाळीचा विश्वास आहे. तुमचा फोन चोरून नेणाऱ्यावर कसा ठेवायचा?”

 वहिनीनं पहिल्यांदाच तो फोन स्टुलावरून उचलला आणि पदराखाली धरला.

“नाहीतर काय होईल?” मी विचारलं.

“प्रत्येकानं स्वतःचा नंबर दिला नाही तर हा नंबर संशयित म्हणून कळवावा लागेल. मग तो बंद होईल, काका.”

ते ऐकून वहिनीचा चेहरा उतरला. चाळ सोडून विरारला, बदलापूरला, गावी गेलेली किती माणसं. त्यांना आमचा एवढाच पत्ता माहीत. कुणी कधी फोन करील आणि तो लागणार नाही. शिवाय तो लवूचा नंबर.

मग वहिनी कामाला लागली. दारोदार फिरून तिनं प्रत्येकाला स्वतःचा नंबर घ्यायला लावला. ज्यांनी मुलांचे जुने फोन पेटीत ठेवले होते त्यांना ते काढायला लावले. ऋग्वेदानं गॅलरीतच टेबल मांडलं आणि एकेकाचा नंबर बदलून दिला. कोड कुणालाही सांगायचा नाही, हे ती सांगे. वहिनी मागून म्हणे, “मलासुद्धा नाही हां!” सगळ्यात जास्त अडला धोंडू.

“माका कित्या होयो फोन? तुझो आसा मां, वयनी!”

“माझा गेला तर तुझं पेन्शन गेलं.”

“पेन्शन गेला तर तुझ्याकडे जेवान.”

“म्हणूनच सांगते, घे!”

धोंडूनं सुनेचा जुना फोन घेतला, पण सासुरवाडीच्या पाहुण्याकडे बघावं तसा तो त्याच्याकडे बघे.

खाती सुरू झाली. वहिनीचा नंबर वाचला. ऋग्वेदा पेढे घेऊन आली, आम्ही टाळ्या वाजवल्या. आणि दुसऱ्या दिवसापासून तो फोन वाजायचा बंद झाला.

खरंच बंद. पेन्शनचे मेसेज ज्याच्या त्याच्या खिशात गेले. कुणाचं काय आलं, काय गेलं, कुणाला कळेना. गॅलरीत हाक नाही. वहिनी स्टूल पुसे, फोन नीट ठेवी, थोड्या वेळानं पुन्हा पुसे. चालू आहे ना, म्हणून मधूनच मला रिंग द्यायला लावी. नलू म्हणाली, “बाईचं जेवण निम्म्यावर आलंय. नंबर वाचवला खरा, पण कशासाठी, असं झालंय तिला.” मला काही सुचेना. मी उगाच वहिनीला फोन करून “आज भाजी काय?” असं विचारू लागलो. शेजारच्या खोलीतून. तिला ते कळत होतं, पण ती उभी राहून उत्तर देई.

असेच काही आठवडे गेले. मग एका सकाळी मी पेपर वाचत होतो आणि घंटी वाजली. वहिनीची. मी पेपर खाली ठेवला. वहिनी उठली, पदर सारखा केला. व्हिडिओ कॉल होता. खाकी कपड्यांतला एक माणूस, मागे मोठं चिन्ह, चेहरा करडा.

“दिल्ली पुलिस से बोल रहा हूँ. धोंडू को बुलाओ. अकेले में.”

“दिल्ली से?” वहिनीच्या आवाजात जुना तजेला आला. “काम क्या है? निरोप क्या है?”

“उसको ही बताऊंगा.”

“ठैरो, बुलाती हूँ. काटना मत, लांब से करते हो, बिल तुमकोच पडेगा.”

तिनं फोन स्टुलावर लोणच्याच्या बरणीला टेकवून उभा केला, गॅलरीच्या कठड्याशी गेली आणि कित्येक दिवसांची साठवलेली हाक एकदम सोडली.

“धोंडूऽऽ! दिल्लीच्या पोलिसांचा फोन आलाऽऽ!”

सगळी दारं उघडली. हात पिठाचे, तोंडात ब्रश, कुणी टॉवेलवर. चाळीला इतक्या दिवसांनी हाक मिळाली होती, घरात कोण बसतो? धोंडू आला तो एका गालावर साबण घेऊन, आणि चेहरा असा पांढरा की साबण कुठे संपतो ते कळत नव्हतं.

“वयनी,” तो म्हणाला, “त्येना मगाशी माझ्या फोनार केलो. माझ्या नावान वंगाळ पार्सल गावलाहा म्हणता. दार लावन घे, कोणाक सांगा नको, पैसे धाड, नायतर अटक करतलंय म्हणता.”

“मग माझ्याकडे कसा आला हा?”

“मी म्हटलंय, आमचो म्हत्त्वाचो फोन पीपीवर येता. थयसर कर. नंबर दिलंय.”

 नलूला हसू फुटलं. ती हसली तशी सगळी गॅलरी हसायला लागली. ज्याला म्हातारा एकटा हवा होता, त्याला धोंडूनं प्रामाणिकपणे चाळीच्या सगळ्यांत गर्दीच्या स्टुलावर आणून ठेवलं होतं. दार लावून घेणं तर आमच्याकडे शक्यच नाही. दिवसा दार लावलं की आजारी कोण, म्हणून चौकशीला लोक येतात.

स्टुलावरून आवाज आला, “ये कौन लोग हैं? सबको हटाओ!”

वहिनीनं वाकून स्क्रीनमध्ये पाहिलं. “कुठली चौकी तुझी? नाव काय?”

“मैडम, आप भी अरेस्ट हो जाओगी!”

“होईन हां. पण आधी कॉलरला इस्त्री कर,” नलू मागून म्हणाली. “पोलिस असा असतो होय?”

“जेवलास का रे?” कुणीतरी विचारलं.

“कुठून जेवणार, सकाळपासून अटका करतोय बिचारा!”

वहिनी मात्र गंभीर होती. “हे बघ बाळा,” ती म्हणाली, आणि हे तिनं मराठीतच सांगितलं, “म्हाताऱ्या माणसाला घाबरवतोस. तुझ्या आईचा नंबर दे. नसला तर पीपी दे. मी तिच्याशी बोलते.”

त्या माणसानं फोन कापला.

“निरोप न देता ठेवला,” वहिनी म्हणाली. “काय ही रीत!”

धोंडू स्टुलाशेजारी खाली बसला. वहिनीनं पदरानं त्याच्या गालावरचा साबण पुसला आणि चहा टाकला, सगळ्यांसाठी. मी ऋग्वेदानं सांगून ठेवलेल्या १९३० या सरकारी नंबरावर तक्रार नोंदवली.  संध्याकाळी ऋग्वेदा स्वतः आली. धोंडूनं तिला सगळं पुन्हा, साबणासकट, सांगितलं.

“धोंडूकाका, त्यांची सगळी ताकद माणसाला एकटं पाडण्यात असते,” ती म्हणाली. “आम्ही भिंती बांधतो, कुलपं बदलतो. पण फोनवर घाबरलेल्या माणसाच्या शेजारी जाऊन बसणं बँकेला जमत नाही. आजी, एक काम कराल? कोड ज्याचे त्याच्याकडेच राहू देत. पण अनोळखी फोन आला, घाबरवायला लागला, तर यांनी तुमचा नंबर द्यायचा.”

“पीपी?” वहिनीनं विचारलं.

“पीपी.”

तेव्हापासून आमच्या मजल्यावर तीच पद्धत आहे. बक्षीस लागलं म्हणणारा, वीज तोडतो म्हणणारा, खातं बंद पडेल म्हणणारा, सगळ्यांना एकच उत्तर मिळतं. आमचा फोन पीपी आहे, तिथं करा. बरेचसे करत नाहीत. जे करतात त्यांना वहिनी उभी राहून नाव, गाव आणि निरोप विचारते. आता शेजारच्या चाळीही हा नंबर देऊ लागल्यात. ऋग्वेदा म्हणते, असंच चाललं तर आमची यंत्रणा तुम्हाला पुन्हा टोळी समजेल. वहिनी म्हणते, समजू दे, बांगडे आणून ठेवते.

वहिनी जेवते व्यवस्थित. फोनला आता कुलूप आहे, त्याचा आकडा तिनं कुणालाच सांगितलेला नाही, मलासुद्धा नाही, आणि याचा तिला फार अभिमान आहे.

इथवर लिहून कसं संपवावं या विचारात काल बसलो होतो. एवढ्यात पलीकडे घंटी वाजली. पाट सरकल्याचा आवाज झाला, म्हणजे वहिनी उठली. “कोण बोलतंय? ... कुणाकडे काम आहे? ... फणसवाडीतून? शाळेतले? अगो बाई! थांबा, बोलावते.”

फणसवाडीतल्या माझ्या शाळासोबत्याची आणि माझी शेवटची भेट होऊन किती वर्षं झाली, मला आठवत नाही. त्याच्याजवळ माझा हा एकच नंबर असणार.

मी पेन खाली ठेवलं आणि कान देऊन बसलो. एक क्षण शांतता होती, आणि त्या क्षणात मी उगाच घाबरलो. मग गॅलरीत आवाज घुमला.

“भावजीऽऽ! फोऽऽन!”

हाक आली होती. म्हणजे बातमी चांगली होती. मी चपला शोधत न बसता तसाच धावलो.