मागं वळून पाहायचं नाही

मैदानावर आम्हाला कुणी नावानं हाक मारत नसे. मी इंदिरानगरची आणि ती हरसूलची. सरांनी आमची जोडी लावली ती कायमचीच. लांब पल्ल्याच्या पोरींना सर जोडीनं पळवतात. एकीनं पुढं राहून वारा अंगावर घ्यायचा, दुसरीनं हातभर अंतर ठेवून तिच्या पावलात पाऊल टाकायचं. पाय जुळले, श्वास जुळला की मागचीचा बराच दम वाचतो. आमच्यात याला सावली धरणं म्हणतात.

हरसूलची पुढं, मी मागं. मधूनमधून जागा बदला म्हणून सर ओरडायचे. पण पुढं कुणाची पाठ दिसली की तिचा जीव घुसमटायचा, आणि पुढं पाठ दिसली नाही की मला पळणंच सुचायचं नाही. लोक गंगापूर रोडला सकाळी फिरायला येतात ते द्राक्षबागा आणि धरणाची हवा बघायला. मी इतकी वर्षं तिथं रोज पळाले आणि पाहिल्या त्या फक्त हिच्या टाचा.

शर्यतीतलं शहाणपण मला सरांपेक्षा तिनंच जास्त शिकवलं. "मागं बघायचं नाय," ती म्हणायची. "आपण मान वळवली की मागचीला कळतं, ही संपली. मग ती वाघीण व्हती." मी शहरातली, चार पुस्तकं वाचलेली, मला प्रत्येक गोष्टीचं कारण लागतं. हे मात्र मी विनातक्रार मानलं, कारण मागं राहून पुढच्या कितीतरी माना मी स्वतः वळताना पाहिल्या होत्या आणि त्यातली एकही नंतर टिकली नव्हती.

तिच्या चालीला एक आवाज होता. आधी नव्हता, अगदी शेवटच्या वर्षात आला. डावा पाय उचलताना जमिनीला जरासा घासायचा. टप, टप, खर्र. अंगणात खराटा एकदाच ओढून ठेवून द्यावा, तसा. सर म्हणाले, प्रत्येकाची चाल असते, हिची ही. मला तर त्याचा उपयोगच व्हायचा, ढोलकीच्या ठेक्यासारखा मी तो धरून पळायचे. मग एका सकाळी सोमेश्वरच्या पुढं ती रस्त्याच्या कडेला बसली. पडली नाही, नुसती बसली. खुब्याचं हाड मोडलं होतं. आत स्क्रू घालावे लागले आणि तिचं पळणं तिथंच संपलं. ती हरसूलला परत गेली, गावातच लग्न झालं, भात-नागलीच्या शेतीला लागली.

त्यानंतर मी एकटी पळायचे. खरं सांगते, मला ती शांतता सोसवायची नाही. म्हणून कानात गाणी लावायला लागले. सर चिडायचे, की धावपटूला स्वतःचा श्वास ऐकू यायला हवा. मी म्हणायचे, हो सर, आणि मैदानाचं फाटक ओलांडलं की पुन्हा कानात बोंडं घालायचे.

पुढच्या हिवाळ्यात निवडीची शर्यत आमच्या नाशिकलाच ठरली. जी भारतीय बाई सगळ्यांत आधी पोचेल तिला भारताची जर्सी. माझं वय पाहता ही शेवटची संधी होती, आणि हे मला ठाऊक असूनही भेटेल तो पुन्हा सांगत होता. मांडीच्या मुळाशी थोडं ठणकत होतं. त्याकडे मी लक्ष दिलं नाही. शर्यत जवळ आली की मला कुठं ना कुठं ठणकतंच.

त्या सकाळी धुकं इतकं होतं की सुरुवातीची कमानसुद्धा जवळ गेल्यावर दिसली. आम्हा आघाडीच्या बायकांना पुरुषांच्या बऱ्याच आधी सोडतात, त्यामुळं रस्ता मोकळा. परदेशी पोरी दिवा लावलेल्या मोटारसायकलीच्या मागं गेल्या आणि थोड्याच वेळात दिसेनाशा झाल्या. त्यांच्या नादी लागणं म्हणजे आपल्याच पायावर धोंडा पाडून घेणं. आम्ही देशी पोरी घोळका करून राहिलो. सरांचं आणि माझं ठरलं होतं: निम्मं अंतर घोळक्यात लपायचं, कुणाच्या तरी मागं वारा चुकवायचा आणि धरणाकडून परत फिरल्यावर चढावर एकदम सुटायचं. चढावर कुणी सुटेल असं कुणाच्या मनात येत नाही.

तसंच केलं. चढ लागला तशी बाजूनं सुटले. मागं कुणीतरी "अरे देवा" म्हटल्याचं ऐकू आलं, मग पावलं विरळ झाली आणि मग थांबलीच. चढ संपला तेव्हा मी एकटी होते. दोन्हीकडे द्राक्षबागांच्या तारा, त्याही अर्ध्याच दिसणाऱ्या. शर्यतीत कानात गाणी चालत नाहीत. इतक्या दिवसांनी मी नुसतं पळणं ऐकत होते, आणि तेव्हा तो आवाज आला.

टप, टप, खर्र.

माझ्या मागून, अगदी हातभर अंतरावरून.

अंगावर काटा आला, हे मी लपवणार नाही. त्या आवाजाची बाई हरसूलला होती, तिच्या खुब्यात स्क्रू होते. पण शर्यतीत भ्यायला वेळ नसतो, आधी हिशोब करावा लागतो. मी हिशोब केला: कुणीतरी माझ्याबरोबर सुटलीय आणि माझीच विद्या माझ्यावर चालवतेय. सावली धरून येईल आणि शेवटी मला मागं टाकून जर्सी घेऊन जाईल. मी वेग किंचित कमी केला, तिला पुढं यायला भाग पाडावं म्हणून. आवाजही हळू झाला. म्हणजे मुरलेली होती. मी रस्त्याच्या दुसऱ्या कडेला गेले. आवाज माझ्याबरोबर दुसऱ्या कडेला आला.

पाण्याच्या टेबलाशी शाल गुंडाळलेल्या एका बाई उभ्या होत्या. बाटली उचलता उचलता मी विचारलं, "मागं कोण आहे?" त्यांनी माझ्या खांद्यावरून धुक्यात पाहिलं. "दिसत नाही हो कुणी, ताई," त्या म्हणाल्या. दिसणार कसं? मलाही काही दिसत नव्हतं.

मग मी झटके द्यायला सुरुवात केली. मागची चिकट असेल तर हाच उपाय: अचानक जोर लावायचा, जरा सैल सोडायचं, पुन्हा जोर, तिचा ठेका मोडेपर्यंत. मी जोर लावला की ती खर्र मोठी व्हायची. दमलेल्या माणसाचा पाय असाच घासतो, म्हणून मला बरं वाटलं, की ही मोडत आलीय. पण ती मोडली नाही. सोमेश्वरच्या पुढं, ती बसली होती त्या जागेजवळ, आवाज इतका जवळ आला की मान आपोआप वळायला निघाली. मी दात आवळले आणि समोर बघितलं. मागं बघायचं नाय. मी तिच्यासाठीच तिच्यापासून पळत होते, असं काहीतरी वेड्यासारखं तेव्हा मनात आलं.

शेवटची पट्टी ओलांडली आणि मग वळले. मागं रस्ता रिकामा होता. नुसतं धुकं, आणि कापडी फलक ओला होऊन लोंबत होता. दुसरी भारतीय मुलगी आली तोवर मी बूट सोडून बसले होते. सर रडत होते आणि हसतही होते. "अगं, मागं चिटपाखरू नव्हतं," ते म्हणाले, "कुणासाठी एवढी जीव तोडून पळालीस?"

ज्या एकाच माणसाला हे सांगता आलं असतं ते हरसूलला होतं.

बाजाराच्या दिवशी पेढे घेऊन जीपनं हरसूलला गेले. बाजाराच्या पलीकडे उतारावर तिचं घर. दुपारचं लख्ख ऊन होतं. ती अंगणात माझ्याकडे पाठ करून तांदूळ पाखडत बसली होती, सासू आत अंथरुणावर होती. मी हाक मारणार इतक्यात सुपाचा आवाज थांबला. ती वळली नाही. तिची मान ताठ झालेली मला मागून दिसली. ती पाठ मला तिच्या चेहऱ्यापेक्षा जास्त ओळखीची आहे. ती घाबरली होती.

"कोण हाय?" तिनं तसंच समोर बघत विचारलं.

"मी. इंदिरानगरची."

तेव्हा ती वळली. माझ्या तोंडाकडे तिनं बघितलंच नाही, पायांकडे बघत राहिली. "मला वाटलं, मीच येतीय," ती म्हणाली.

मी हसले. ती हसली नाही. "त्या आंब्यापर्यंत जाऊन ये," म्हणाली. मी गेले आणि आले. ना धुकं होतं, ना शर्यत. सारवलेल्या अंगणात माझाच डावा पाय, टप, टप, खर्र. इतकी वर्षं तिच्या पावलात पाऊल टाकून मी तिची चाल उचलली होती, आणि चालीबरोबर तिचं मोडणंही.

"दुखतं का हितं?" तिनं स्वतःच्या मांडीच्या मुळाशी बोट ठेवलं. मी मान हलवली. "पाय आधी बोलतो, दुखणं मागनं येतं. माझा वरीसभर बोलत व्हता, कोण ऐकतंय? उद्याच फोटो काढ हाडाचा."

मला राग आला. तिच्यावरच. "आणि जर्सी? तुला काय जातंय सांगायला?"

"जर्सी घालून उभं राहायला खुबा लागतो," ती शांतपणे म्हणाली आणि पेढ्यांचा पुडा माझ्या हातातून घेऊन बाजूला ठेवला. मग मात्र मला रडू फुटलं, भडाभडा, लहान पोरासारखं.

पुढचं सांगून टाकते. फोटोत भेग निघाली. डॉक्टर म्हणाले, अजून एक लांब पल्ला आणि हाड दुभंगलं असतं. जर्सी दुसरीला गेली. मी अजून चालते, हळूहळू पळेनही, पण ती गोष्ट संपली.

मला आठवत राहते ती त्या दुपारची निघण्याची वेळ. जीप वरच्या रस्त्याला मिळणार होती. तिनं माझा हात स्वतःच्या खांद्यावर घेतला, "भार माझ्यावर टाक, पाय नुसता टेकव," म्हणाली, आणि आम्ही अंगण ओलांडायला लागलो. तिचा डावा पाय स्क्रूमुळं ओढला जायचा, माझा भेगेमुळं. न ठरवता पावलं जुळली, दोघींचा मिळून एकच आवाज: टप, टप, खर्र.

आत अंथरुणावरून नुसती पावलं ऐकून सासूबाईंनी विचारलं, "एवढ्या उन्हाची एकटीच कुठं निघालीस गं?"

ती थांबली. मला जवळ ओढून घेतलं आणि दाराकडे न बघता म्हणाली, "एकटी नाय, आत्या. दोघी हाव."