मामाची जपानी

ट्रंक कॉल होता, तोही साहेबांच्या टेबलावर, त्यामुळे सगळं ऑफिस ऐकत होतं. पलीकडून मामीचे शेजारी ओरडून सांगत होते, "वसंतराव गेले... तुमचे मामा गेले!" हिंगण्याहून परतणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये मामा खिडकीला डोकं टेकून बसले होते. सक्करदऱ्याला सगळे उतरले, ते उतरले नाहीत. ड्रायव्हरला वाटलं, डोळा लागला असेल. त्यानं दोनदा हाक मारली. मी फोन ठेवला, रजेचा अर्ज लिहिला आणि अमरावतीच्या स्टँडवर जाऊन नागपूरची गाडी धरली. रडले ते घरी पोचल्यावर, आणि तेही फार नाही. मामांना रडारड आवडत नसे. कोणी रडू लागलं की म्हणत, "नळाले पाणी येते का पाहून ये, तेवढंच काम होईल."

आज पाच-सहा आठवड्यांनी लिहिते आहे ते मामा थोर होते म्हणून नव्हे. ते कंपनीत फिटर होते, मॅट्रिक नापास होते, आणि वस्तीत त्यांची ओळख 'जपानी चॅनलवाले' अशी होती. त्या चॅनलची गोष्ट लोक अजून हसत हसत सांगतात, आणि अर्धीच सांगतात. उरलेली अर्धी मला ठाऊक आहे, कारण त्या वेळी मी मधे उभी होते.

माझे वडील लकडगंजात लाकडाच्या आरागिरणीवर कामाला. त्यांच्या आणि आईच्या, दोन्ही घरांत मिळून पहिली बी.ए. झालेली मी, तेही इंग्रजी घेऊन. याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही. मामांना माझ्याहून जास्त होता, पण ते तो चेष्टेत दाखवत. सुनंदा हे माझं नाव त्यांनी निकाल लागला त्या दिवशी सोडलं ते सोडलंच. "ओ ग्रॅज्युएट, चहा घेतं का?" "ओ ग्रॅज्युएट, हे औषध जेवणाच्या आधी लिहिलं आहे का नंतर?"

वस्तीत रंगीत टीव्ही यायला लागले तशी मामांनी पुढच्या खोलीत व्हीसीआर मांडला आणि गच्च्यांवरून, चिंचेच्या झाडावरून वायरी ओढून घरोघर लाइन दिली. रात्री हिंदी पिक्चर. त्याच्या आधी अर्धा तास पोरांसाठी कार्टून. ही कार्टूनं आणली होती पलीकडच्या गल्लीतल्या एका वेल्डरनं. तो आखातात कामाला होता, सुटीवर आला तेव्हा पिशवीभर टेपा मामांना देऊन गेला. जाताना एवढंच म्हणाला, "भाऊ, जपानचं आहे, पोट्टे खुश होतील." मोठ्या डोळ्यांची पोरं, उडणारी यंत्रं, लोखंडी राक्षस. सुरुवातीला पडद्यावर जी अक्षरं यायची ती आम्हाला पाहून माहीत होती. दसऱ्याला दीक्षाभूमीवर जे जपानी भिक्षू ढोल वाजवत येतात, त्यांच्या फलकांवर तशीच असतात. तेव्हा कार्टून जपानी, आणि ती पोरं बोलतात तीही जपानीच, याबद्दल कुणालाच शंका आली नाही. मलाही नाही.

मामा ते कार्टून पोरांपेक्षा जास्त मन लावून पाहू लागले. चित्रावरून अर्थ लावायचे. पोरगं खड्ड्यात पडलं आणि ओरडलं, "तुलोंग!" म्हणजे वाचवा. "हालिका" म्हणजे ये. मोठ्या भावाला 'कुया', आभाराला 'सालामात'. एक दिवस मी गेले तर दारातच म्हणाले, "ऐक वं. गुरूले ते गुरो म्हणते, तोंडाले मुखा म्हणते. अन् तू म्हणतं, जपान दूर आहे! आपल्या इथून धम्म गेला नं, त्याच्यासंगं शब्द गेले." हे मला पटलं. पाली-संस्कृतचे शब्द तिकडे गेले असतीलच, असं मीही चार जणांत ठासून सांगितलं. मामी मात्र आतून ओरडली, "अहो, त्या लोखंडी माणसाले म्हणा, आपल्या नळाची तोटी बसवून दे!"

हे नुसतं वेड नव्हतं. मामांना जपानी माणसाला एक प्रश्न विचारायचा होता, आणि तो मधे कुणाला न घेता, त्याच्याच भाषेत. आमचं घर छप्पन सालीच बौद्ध झालं, मामा तेव्हा शाळेत होते. पण कंपनीत नवा माणूस आला की कॅन्टीनमध्ये चहा घेता घेता ओळख निघायचीच. मामा सांगत, बौद्ध. समोरचा थांबायचा, आणि मग म्हणायचा, "अच्छा... म्हणजे पूर्वीचे?" हे 'पूर्वीचे' मामांना आयुष्यभर टोचलं. त्यांना एवढंच जाणून घ्यायचं होतं, की जगात कुठे असं आहे का, जिथे माणसानं बौद्ध म्हटलं की वाक्य तिथेच संपतं. जपान हा हजार-दीड हजार वर्षांचा बौद्ध देश. तिथे संपत असलं पाहिजे.

एकदा मला म्हणाले, "इतक्या टेपा पाह्यल्या, पण जातीले त्यायच्यात शब्दच नाही सापडला. म्हंजे नसंलच."

"मामा, ते लहान पोरांचं कार्टून आहे."

"मंग? पोराईलेच तं पहिले समजते. तुले कोणत्या वर्गात समजली?"

"दुसरीत."

"हां."



त्या दसऱ्याला मामांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला आणि मला बरोबर घेतलं. दीक्षाभूमीवर ही गर्दी. एका झाडाखाली जपानी यात्रेकरूंचा गट सावलीला बसला होता. म्हातारी माणसं, काही बायका पांढऱ्या टोप्या घातलेल्या. वस्तीतली दहाबारा पोरं आमच्या मागे, कारण चॅनलवाले आता खऱ्या जपान्यांशी बोलणार हे सगळ्यांना माहीत होतं. मामा एका म्हाताऱ्यासमोर उभे राहिले, हात जोडले आणि स्पष्ट आवाजात म्हणाले, "कुया, सालामात!" म्हातारा हसला आणि वाकला. मामांनी पुढची दोन वाक्यं म्हटली. म्हातारा पुन्हा वाकला आणि शेजाऱ्याकडे पाहू लागला. शेजारीही वाकला. मग पांढऱ्या टोपीतली एक बाई, चाळिशीची असेल, शाळेत शिकवत होती असं नंतर कळलं, मला इंग्रजीत म्हणाली, "माफ करा, हे कोणती भाषा बोलत आहेत?"

पोरं फिदीफिदी हसली. त्यांना इंग्रजी कळलं नव्हतं, पण तोंडावरून कळलंच. (दिवाळीत तो वेल्डर आला तेव्हा खुलासा झाला. तिकडे त्याच्या खोलीतले सोबती फिलिपिन्सचे होते, टेपा त्यांच्या घरून आलेल्या. चित्र जपानचं, बोलणं फिलिपिन्सचं. लोक गोष्ट सांगतात ती इथवर.)

मामांचा चेहरा उतरला, हे खरं. पण ते तिथून हलले नाहीत. मला म्हणाले, "ओ ग्रॅज्युएट, आता तूच इचार."

मी विचारलं. तुमच्या देशात बौद्ध माणसाला कुणी जात विचारतं का? जात म्हणजे काय हे समजावून द्यावं लागेल म्हणून मी मनात वाक्यं जुळवत होते. तिनं हातानं मला थांबवलं. एकदा मागे आपल्या गटाकडे पाहिलं, आणि आवाज खाली आणून म्हणाली की आमच्याकडेही काही वस्त्या आहेत. चामड्याची, कत्तलखान्याची कामं ज्यांचे वाडवडील करत, त्यांच्या. बुद्ध तोच, प्रार्थना तीच. कायद्यानं सगळे सारखे. तोंडावर कुणी काही विचारत नाही... पण लग्न जुळवायची वेळ आली की लोक आजोबांचं गाव कोणतं ते शोधून काढतात.

मामा माझ्या तोंडाकडे पाहत होते. मी सांगितलं, जसंच्या तसं. पदरचं काही घातलं नाही आणि गाळलंही नाही. गाळावंसं वाटलं होतं.

 ढोल वाजत होते. मामा म्हणाले, "तिले इचार, ते लोक गप बसून राहिले का?"

बाई म्हणाली, "नाही. मोर्चे काढतात. पुष्कळ वर्षं झाली."

"मंग ठीक आहे," मामा म्हणाले. आणि तिच्यासमोर हात जोडले. ती वाकली... म्हाताऱ्यापेक्षा खोल, आणि बराच वेळ तशीच राहिली.

परत येताना पोरं पुढे पळाली होती. मला वाटत होतं, काहीतरी धीराचं बोलावं. तेवढ्यात मामाच म्हणाले, "ते बाई त्यायच्यातलीच होती."

"कशावरून?"

"आवाज खाली केला नं तिनं. मी कंपनीत तसाच करतो."

चॅनल बंद झालं नाही. मामी म्हणाली, "आता तरी काढा ते," तर मामा म्हणाले, "काहून? पोट्टे पाहूनच राहिले नं." आणि भाषा फिलिपिन्सची आहे कळल्यावर वेल्डरला बसवून आपले अर्थ तपासून घेतले. बरेचसे बरोबर निघाले, त्याचा आनंद त्यांना झाला तो झालाच. जपानी भाषेचं नाव मात्र पुन्हा काढलं नाही.

मामांच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला कंपनीतले एक गृहस्थ आले होते, आमच्या समाजाचे नव्हेत. भिंतीला टेकून बसले, पाणी घेतलं, आणि म्हणाले, "पहिले तुमचे मामा चहाच्या वेळी गुपचूप बसत. मंग मधेच काय झालं कोणास ठाऊक. नवा माणूस आला की स्वतःच उठून जात, अन् काय मोठ्यानं सांगत हो, मी बौद्ध! चार टेबलं वळून पाहत. आम्ही म्हणायचो, वसंतराव, मशीनपेक्षा तुमचाच आवाज जास्त." मामी म्हणाली, "घरी तं आधीपासूनच मोठ्यानं बोलत." सगळे हसले, तीही हसली.

मागच्या आठवड्यात इथे अमरावतीला मी नवी भाड्याची खोली पाहायला गेले. खोली चांगली होती, मागे विहीर, पुढे अंगण. घरमालकीणबाईंनी नाव विचारलं, नोकरी विचारली, शिक्षण विचारलं. बी.ए. ऐकून खुश झाल्या. मग थोडं जवळ येऊन, हळू आवाजात, "म्हणजे तुम्ही...?"

मी सांगितलं. शेजारच्या अंगणात एक बाई कपडे वाळत घालत होती, तिनं वळून पाहिलं, इतक्या मोठ्यानं.

घरमालकीणबाई म्हणाल्या, यांना विचारून कळवते. अजून कळवलेलं नाही. उद्या दुसरी एक खोली पाहायला जाते आहे. तिथेही विचारतील.