बर्फाखालचं शेवाळ

माझा चुलतभाऊ, आमचा दादा, धाटावच्या एका कंपनीत फिटर होता. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ती नोकरी सोडून तो जहाजावर गेला. जहाज परदेशी होतं, शास्त्रज्ञांना दक्षिण ध्रुवाकडच्या गोठलेल्या समुद्रात नेणारं. मी तेव्हा रोह्याला कॉलेजात शिकत होते. सुट्टी लागली की एसटीनं पेणला उतरून खाडीकाठच्या गावी काकीकडे, म्हणजे दादाच्या आईकडे, जायचे.

काकीचं आयुष्य मिठागरात गेलेलं. शाळेत ती कधी गेली नाही. पण खाडीत कुठला जीव कधी येतो आणि कशावर जगतो, ते आमच्या प्राध्यापकांनी तिला येऊन विचारावं इतकं तिला ठाऊक होतं.

पहिल्या सफरीहून दादा आला तेव्हा त्यानं ओटीवर फोटो मांडले. बर्फावर पेंग्विनांची दाटी झालेली.

"ही पाखरं खातात काय?" काकीनं विचारलं.

"आपल्या जवळ्यासारखी बारीक कोळंबी असते तिकडं. पाखरं, सील, देवमासे, सगळे तिच्यावरच."

"आन् तो जवला काय खातो?"

दादा हसला. "खात असेल पाण्यातलं काहीबाही."

"काहीबाही नाय. मिठागरात आपन पानी कोंडतो, तितं शेवाल धरतं, मंग बारका जवला जमतो. थितं बर्फाखाली शेवाल हाय का नाय, बगितलंस?"

दादानं फोटो पुन्हा एकदा चाळले. मग म्हणाला, जहाज बर्फ फोडत जाताना मोठमोठ्या लाद्या उलटायच्या. खालून त्या तपकिरी दिसायच्या. आपण फिटर माणूस, वाटलं जहाजाच्या पत्र्याचा गंज लागलाय.

"इचार कोनाला तरी," काकी म्हणाली आणि भाकऱ्या थापायला आत गेली.

पुढच्या सफरीत त्यानं खरंच विचारलं. जहाजावर एक वयस्कर शास्त्रज्ञ बाई होत्या. इंजिनरूममधला माणूस असं विचारतोय म्हटल्यावर त्यांनी लादीचा एक तुकडा बादलीत वर काढायला लावला, त्याचं पाणी केलं आणि दादाला सूक्ष्मदर्शकापाशी बसवलं. गंज नव्हताच तो. शेवाळ होतं. हिवाळाभर कोळंबीची पिल्लं बर्फाच्या खालच्या अंगाला हेच चरतात, असं बाईंनी त्याला सांगितलं.

हे सगळं त्यानं पत्रात लिहिलं होतं. पत्र यायला महिना लागला आणि काकीला ते मीच वाचून दाखवलं. पत्राचा पुढचा भाग वाचताना मात्र मी अडखळले. त्या वर्षी बर्फ कमी धरला होता आणि लवकर फुटला होता. मागच्या खेपेला जिथं पाखरांनी किनारा भरला होता, तिथं मध्ये मोकळी जागा दिसत होती. मोठी पाखरं खाणं शोधायला लांब जात, उशिरा परतत, तोवर कितीतरी पिल्लं मरून पडलेली असत. 'एका वर्षावरून काही ठरवू नये, असं बाई म्हणतात. पण त्या इथं बरीच वर्षं येतायत आणि बर्फ मागं हटतोय, असं त्यांच्या वहीत दिसतंय,' असं दादानं लिहिलं होतं.

काकीनं पत्र हातात घेतलं. वाचता येत नसूनही बराच वेळ बघत राहिली.

"आपल्याला वाटतं बर्फ म्हंजे निसतं पानी," ती म्हणाली. "त्यांचं ता शेत हाय गो. शेतच इरघललं, मंग पाखरानं जावं कुठं?"

कॉलेजातलं अन्नसाखळीचं प्रकरण मी पाठ केलं होतं, त्यात मला चांगले मार्कही पडले होते. पण ते मला कळलं त्या दुपारी, काकीच्या ओटीवर.

दादा परत आल्यावर पेणच्या एका शाळेनं त्याला बोलायला बोलावलं. त्यानं हट्टानं काकीलाही नेलं आणि मुलांना सरळ सांगितलं, "मी दोन वेळा तिथं जाऊन आलो. पण विचारायचं काय, ते हिनं सांगितलं." काकी पदर सावरत म्हणाली, "मी काय केलं? नुसतं इचारलं." मग एका मुलीनं जवळा कसा पकडतात ते विचारलं आणि काकी उठून उभी राहिली. तास संपल्याची घंटा झाली, तरी मुलं जागची हलली नाहीत.

दादानं नंतर आणखी दोन सफरी केल्या. दर वेळी निघताना तो आईला विचारायचा, या खेपेला काय बघून येऊ?