पुंजारामची मेणफुलं

पुंजारामनं तीस वर्षं एसटी चालवली. गंगापूरच्या रस्त्यावरचा खड्डा न् खड्डा त्याला पाठ होता. पण रिटायर झाल्यावर सिडकोतल्या दोन खोल्यांत दिवस काही सरेना. त्याची घालमेल पाहून शेजारच्या प्रमोदिनीताईंनी एक कुंडी आणून दिली.

"होया म्हणतात हिला. खिडकीत ठेवा, पाणी बेतानं घाला. फुलं अगदी मेणाची केल्यासारखी येतात."

बेतानं म्हणजे किती, हे शिकण्यातच एक वर्ष गेलं. मग वेल खिडकीच्या गजांवरून निघाली, पडद्याच्या दोरीला धरून भिंतीवर चढली आणि घड्याळाला वळसा घालून पंख्याच्या बटणांपाशी पोचली. बायको आशाबाई आधी पानं बाजूला सारायची, मग बटण दाबायची. चौथ्या वर्षी कळ्या धरल्या. हरखून पुंजारामनं कुंडी उन्हाकडं सरकवली आणि आठ दिवसांत झाडून सगळ्या कळ्या गळाल्या. कळ्या धरल्यावर कुंडी जागची हलवायची नसते, हे प्रमोदिनीताईंनी तेव्हा सांगितलं.

पुढच्या वर्षी पुन्हा कळ्या आल्या, आणि नेमकं त्याच आठवड्यात आशाबाईनं घराच्या रंगाचं काम काढलं.

"कुंडी हलवायची नाय," पुंजाराम म्हणाला.

"मग भिंत कशी रंगवायची?"

"नाय रंगवायची."

हमीद पेंटर बादली घेऊन दारात उभा होता. त्यानं जवळ येऊन कळ्या निरखल्या. "नक्को हिलाओ, भाभी. उतनी जगा छोड देतूं मैं."

तीन दिवस तो बारका ब्रश घेऊन पानांच्या कडेकडेनं फिरला. घर पिवळंधमक झालं. वेलीमागं मात्र जुना निळा रंग तसाच राहिला.

शनिवारी सकाळी आशाबाई चहा ठेवता ठेवता थबकली. "हे प्लास्टिकचं कधी आणलं वो?"

बटणांच्या वर गुलाबी चांदण्यांचा मूठभर झुपका लोंबत होता. तिनं बोट लावून पाहिलं. "खरंच हाय की," ती हळूच म्हणाली, आणि पदर सावरत प्रमोदिनीताईंना बोलवायला गेली.

संध्याकाळपर्यंत बिल्डिंगमधल्या सगळ्या बाया घरात जमल्या. खोलीभर मधासारखा वास सुटला होता. भिंत अशी का, असं कुणीतरी विचारलं, तेव्हा आशाबाई म्हणाली, "मीच सांगितलं, तेवढी सोडा म्हणून."

पुंजाराम मोबाईल घेऊन गॅलरीत गेला आणि हमीदला म्हणाला, "उद्या या, मियां. घरच्यांना घेऊन या."


रविवारी हमीद आला तो बायको आणि दोन्ही मुलींसह. फुलांखाली चटई टाकून सगळे दुपारभर बसले.