गोड जिभेचा चष्मेवाला

कोलकात्याच्या बेहाला भागातल्या आमच्या चष्मेवाल्याची जीभ भारी गोड. दुकानाच्या आतल्या खोलीत डोळे तपासणारी मुलगी, ऑप्टोमेट्रिस्ट, बसते, पण हा मेला गिऱ्हाइकाला तिच्यापर्यंत जाऊच देत नाही. "इतना टाइम काहे को देगा, माशिमा?" असं प्रत्येक बाईला बंगालीत मावशी करून म्हणत काउंटरवरच एकेक काच डोळ्यांपुढे धरतो. भिंतीवरच्या कॅलेंडरची तारीख वाचता आली, की झाला नंबर पक्का! त्याच्या अशाच एक माशिमा, माझ्या सासूबाई, दरवर्षी तारीख वाचून नवा चष्मा आणायच्या. बाजूने येणारी रिक्षा त्यांना दिसेना, तेव्हा मी त्यांना हट्टाने आत नेलं. त्या मुलीने डोळ्यांचा दाब मोजून तडक इस्पितळात पाठवलं. काचबिंदूने उजवा डोळा गेला होता. आधी कळतं तर वाचला असता. मी दुकानात जाऊन त्याला नाही नाही ते बोलले. त्याने हसत एक काळा गॉगल पुसून पुढे केला.

"माशिमा को अच्छा लगेगा."